तापमान जागेवर, मग बिघाड कुठे? रासायनिक प्लांटमधला बिघाड न्यूरल नेटवर्कने कसा पकडायचा

नोकरीचं पहिलं वर्ष होतं, रात्रपाळी. रिॲक्टरच्या तापमानाचा ट्रेंड पट्टीने आखल्यासारखा सरळ होता, म्हणून मी निवांत होतो. शेजारी पंचवीस वर्षं पॅनल सांभाळलेले ऑपरेटर बसले होते. ते म्हणाले, "साहेब, टेंपरेचर काय बघताय? औटपुट बघा." कूलिंग वॉटरचा व्हॉल्व्ह रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त उघडा होता. तापमान धरून ठेवायला कंट्रोलरची दमछाक चालली होती आणि अलार्म मात्र एकही नव्हता, कारण अलार्म लावलेला होता तापमानावर.

न्यूरल नेटवर्ककडून, म्हणजे डेटावरून आकड्यांमधली नाती शिकणाऱ्या प्रोग्रामकडून, आपल्याला त्या ऑपरेटरची ही नजर हवी आहे. एकेका आकड्याची मर्यादा तपासायला डीसीएस (प्लांट चालवणारी संगणकीय नियंत्रण यंत्रणा) पुरेसा आहे. "तापमान इतकं आणि फीड इतकं असताना व्हॉल्व्ह एवढा उघडा का?" हा प्रश्न डीसीएस स्वतःहून विचारत नाही. तो विचारणारं मॉडेल कसं बांधायचं, ते खाली क्रमाने लिहिलं आहे. पायथन थोडंफार येतं आणि पी अँड आय डी (प्लांटमधल्या पाइप आणि उपकरणांचा आराखडा) वाचता येतो, एवढं गृहीत धरलं आहे.

सराव कशावर करायचा

स्वतःच्या प्लांटच्या डेटावर सुरुवात करू नका. तिथे कोणता बिघाड नेमका केव्हा सुरू झाला याची खात्रीची नोंद जवळजवळ कधीच नसते, त्यामुळे मॉडेल चुकलं की नोंद चुकली हे कळायला मार्ग राहत नाही. सरावासाठी टेनेसी ईस्टमन प्रोसेस घ्या. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात किंग्जपोर्टला ईस्टमनचा मोठा रासायनिक कारखाना आहे. तिथल्या डाउन्स आणि व्होगेल या अभियंत्यांनी १९९३ साली आपल्या एका खऱ्या प्रक्रियेवर बेतलेलं सिम्युलेशन फोरट्रानमध्ये लिहून प्रसिद्ध केलं. गुपित फुटू नये म्हणून रसायनांची नावं लपवून त्यांना ए ते एच अशी अक्षरं दिली. तेव्हापासून बिघाड शोधण्याची नवी पद्धत काढली की लोक आधी ती इथे चालवून बघतात.

प्लांट छोटा आहे: रिॲक्टर, कंडेन्सर, वायू-द्रव सेपरेटर, रिसायकल कॉम्प्रेसर आणि स्ट्रिपर. ए, सी, डी आणि ई हे फीड, बी निष्क्रिय, एफ नको असलेलं उपउत्पादन, जी आणि एच हा विकायचा माल. अभिक्रिया उष्णता सोडणाऱ्या आहेत. नेहमीच्या स्थितीत रिॲक्टर १२०.४ अंश सेल्सियसला आणि २७०५ किलोपास्कल दाबाला चालतो, आणि दाब ३००० वर गेला की प्लांट ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. कंट्रोलर काढून घेतले तर हा रिॲक्टर स्थिर राहत नाही. म्हणजे सगळा डेटा कंट्रोलर चालू असतानाचा आहे, आणि आपल्याला तसाच हवा.

एकूण ४१ मोजमापं आहेत. त्यातली २२ सतत येतात आणि १९ गॅस क्रोमॅटोग्राफसारख्या विश्लेषकातून येणारी रचनेची आहेत. शिवाय १२ हाताळता येणारी चलं, म्हणजे बहुतांशी व्हॉल्व्ह. त्यातला ढवळणीचा वेग डेटामध्ये स्थिरच असतो म्हणून तो गाळतात, आणि ४१ अधिक ११ असे ५२ स्तंभ उरतात.

मूळ सिम्युलेशनमध्ये २० गडबडी मुद्दाम घालता येतात. त्या सगळ्या पाठ करायची गरज नाही, पण चौथी नीट समजून घ्या. तिच्यात रिॲक्टरच्या कूलिंग वॉटरचं आत येणारं तापमान एकदम वाढतं. या तापमानाला ट्रान्समीटरच नाही, त्यामुळे मूळ कारण कुठल्याही स्क्रीनवर दिसत नाही. रिॲक्टरचं तापमान क्षणभर उसळतं, कंट्रोलर व्हॉल्व्ह उघडतो आणि तापमान परत सेटपॉइंटवर बसतं. रिॲक्टरमधून काढायची उष्णता तेवढीच, रिॲक्टरचं तापमान तेवढंच, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमानही जवळपास तेवढंच. फरक उरतो तो एकाच आकड्यात, व्हॉल्व्हच्या उघडण्यात. बाकीच्या ५० चलांवरून काही घडलंय असं वाटतच नाही. माझ्या त्या रात्रपाळीचीच ही गोष्ट.

डेटा उतरवताना

दोन संच फिरतात. जुना संच रिचर्ड ब्राट्झ या संशोधकाच्या गटाचा आहे. दर तीन मिनिटांनी एक ओळ, प्रत्येक बिघाडाची ४८० ओळींची प्रशिक्षण फाइल आणि ९६० ओळींची चाचणी फाइल. चाचणीत बिघाड पहिल्या १६० ओळींनंतर, म्हणजे ८ तासांनी सुरू होतो. यात एक खोच आहे. बिघाडाविनाची प्रशिक्षण फाइल आडवी ठेवलेली आहे, ५२ ओळी आणि ५०० स्तंभ. ती उलटवून घ्यायला विसरलात तर प्रोग्राम कुठेतरी अडखळेल, किंवा न अडखळता भलतंच शिकेल. दुसरं जास्त वाईट.

नवा संच रीथ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हार्वर्ड डेटाव्हर्स या खुल्या डेटासंग्रहावर ठेवला. त्यात प्रत्येक स्थितीचे सिम्युलेशनचे ५०० वेगवेगळे रन आहेत. प्रशिक्षणाचा रन २५ तासांचा आणि बिघाड पहिल्या तासानंतर. चाचणीचा रन ४८ तासांचा आणि बिघाड ८ तासांनंतर. नेटवर्कला पोटभर डेटा लागतो, म्हणून हाच घ्या. फाइल आर भाषेच्या स्वरूपात आहेत, पण पायथनमध्ये उघडणारी लायब्ररी मिळते. बिघाडाच्या प्रशिक्षण फाइलमध्ये ५० लाख ओळी आहेत. लॅपटॉप साधा असेल तर आधी दहा-वीस रनच काढून घ्या.

उघडल्यावर लगेच दोन कामं करा. पहिलं, नावं दुरुस्त करा. "बिघाड ४" म्हणून दिलेल्या प्रशिक्षण रनच्या पहिल्या २० ओळी प्रत्यक्षात निरोगी प्लांटच्या आहेत आणि चाचणीत पहिल्या १६०, तरी फाइलमध्ये त्यांच्यापुढे बिघाडाचाच क्रमांक लिहिलेला आहे. दुसरं, ओळीचा अनुक्रमांक असलेला स्तंभ इनपुटमधून काढून टाका. बिघाड दर वेळी ठरल्या वेळीच सुरू होत असल्यामुळे नेटवर्क केमिस्ट्री सोडून घड्याळ शिकतं आणि आपण मात्र अचूकता बघून खूश होतो.

तयारी

दाब हजारांत, रचना टक्क्यांत, व्हॉल्व्ह शंभरात. म्हणून प्रत्येक स्तंभातून सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागायचं. ही सरासरी आणि विचलन फक्त निरोगी प्रशिक्षण डेटावरून काढा आणि तेच आकडे पुढे सगळीकडे वापरा. चाचणी डेटाचं स्वतःचं वेगळं स्केलिंग केलंत तर ज्या सरकण्याला आपण बिघाड म्हणणार आहोत तेच पुसलं जातं.

रचनेचे स्तंभ पायऱ्यापायऱ्यांचे दिसतील. रिॲक्टर फीड आणि पर्जचं विश्लेषण ६ मिनिटांनी येतं, उत्पादनाचं १५ मिनिटांनी, आणि मधल्या ओळींत जुनाच आकडा राहतो. तो तसाच राहू द्या. मधले बिंदू रेषेने जोडू नका, कारण जोडायला पुढचा आकडा लागतो आणि प्रत्यक्ष चालवताना तो तुमच्या हातात नसतो.

डेटाची विभागणी रननुसार करा, ओळींनुसार कधीही नाही. एका रनच्या ओळी पिसून काही प्रशिक्षणात आणि काही चाचणीत टाकल्या की शेजारच्या दोन जवळपास सारख्या ओळी दोन्हीकडे जातात. लागोपाठच्या २० ओळींचे गट, म्हणजे खिडक्या, एकेका ओळीने सरकवल्यात तर लगतच्या खिडक्यांत १९ ओळी सारख्याच असतात. उत्तरपत्रिका आधीच फोडल्यासारखं हे आहे. इंटरनेटवरच्या चकचकीत निकालांपैकी बऱ्याच निकालांमागे हीच चूक असावी असा मला संशय आहे.

आधी साधी पद्धत

नेटवर्कला हात लावण्याआधी पीसीए (प्रिन्सिपल कंपोनंट ॲनालिसिस) करून ठेवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पीसीए ५२ चलांमधले सरळ रेषेतले संबंध शोधतो आणि दोन आकडे देतो. टी-वर्ग सांगतो की प्लांट ओळखीच्या संबंधांतच राहून नेहमीपेक्षा किती लांब गेला, आणि क्यू सांगतो की ते संबंधच किती तुटले. चौथ्या गडबडीत टी-वर्ग बऱ्याच ओळी सोडून देतो, क्यू मात्र तिला पकडतो, कारण तापमान आणि व्हॉल्व्ह यांचं नातंच तिथे तुटलेलं असतं. तुमचं नेटवर्क या निकालापेक्षा वरचढ ठरत नसेल तर पीसीएच वापरा. तो समजावून सांगायला सोपा आहे आणि वर्षभराने तुमच्या जागी आलेल्या माणसालाही कळतो.

ऑटोएन्कोडर

बिघाडांचे नमुने हाताशी नसताना वापरायचं नेटवर्क म्हणजे ऑटोएन्कोडर. मार्क क्रेमर यांनी १९९१ मध्ये रासायनिक प्रक्रियांसाठी ही रचना मांडली: मधे अरुंद गळा असलेलं नेटवर्क, जे आत आलेलेच आकडे बाहेर काढायला शिकतं. गळा अरुंद असल्यामुळे ५२ आकडे जसेच्या तसे पुढे सरकवता येत नाहीत आणि त्यांच्यातली नाती शिकावीच लागतात. निरोगी प्लांटवर शिकवलं की निरोगी ओळ ते जवळपास तशीच परत काढतं. नातं तुटलेली ओळ आली की चुकतं, आणि ही चूकच आपला इशारा.

सुरुवातीला ५२, ३०, १५, ३०, ५२ अशी रचना घ्या. मधल्या थरांना टॅनएच, शेवटचा थर सरळ. ॲडम ऑप्टिमायझर, शिकण्याचा दर ०.००१, तुकडी २५६ ओळींची. निरोगी रनपैकी काही प्रशिक्षणाबाहेर ठेवा आणि त्यांच्यावरची चूक कमी व्हायची थांबली की प्रशिक्षण थांबवा. हे आकडे म्हणजे काही वेदवाक्य नाही. खरा निर्णय असतो गळ्याच्या रुंदीचा. ५, १०, १५, २०, २५ असं करून बघा. गळा फार अरुंद असला तर निरोगी ओळीसुद्धा नीट परत येत नाहीत आणि मर्यादा उगाच वर जाते. फार रुंद असला तर नेटवर्क नक्कलबहाद्दर होतं: बिघाडाची ओळही हुबेहूब परत काढतं आणि तुम्हाला काहीच कळत नाही. प्रशिक्षणातली चूक जितकी कमी तितकं मॉडेल चांगलं, हा नेहमीचा हिशेब इथे चालत नाही.

आता मुद्दाम एक प्रयोग करा. व्हॉल्व्हचे ११ स्तंभ काढून फक्त ४१ मोजमापांवर दुसरं मॉडेल शिकवा आणि दोन्ही मॉडेलं चौथ्या गडबडीवर चालवा. पाचवीवरही चालवा. तिच्यात कंडेन्सरच्या कूलिंग वॉटरचं तापमान वाढतं, बरीच चलं हलतात, आणि साधारण १० तासांत कंट्रोलर सगळं जागेवर आणून बसवतात. बिघाड तसाच असतो, पण त्याची खूण फक्त कंडेन्सरच्या व्हॉल्व्हवर उरते. "प्रोसेसचा डेटा द्या" म्हटल्यावर इन्स्ट्रुमेंट विभाग अनेकदा फक्त मोजमापांचे टॅग (एकेका चलाच्या नोंदी) काढून देतो. कंट्रोलरची औटपुट का मागून घ्यायची, ते या प्रयोगानंतर कोणाला समजावावं लागत नाही.

एका वेळी एकच ओळ न देता शेवटच्या २० ओळी, म्हणजे एका तासाची खिडकी दिली तर हळू सरकणारे आणि हेलकावे खाणारे बिघाड अधिक स्पष्ट दिसतात. चौदाव्या गडबडीत रिॲक्टरचा व्हॉल्व्ह चिकटतो. चिकटलेला व्हॉल्व्ह एका क्षणाच्या आकड्यापेक्षा त्याच्या चालीत जास्त दिसतो. मात्र इनपुट १०४० होतात, नेटवर्क जड होतं आणि डेटाही जास्त लागतो. आधी एक ओळ, मग पाच, मग वीस, असं वाढवत जा.

मर्यादा ठरवणं

यातच सगळ्यात जास्त वेळ घालवा. प्रत्येक ओळीसाठी ५२ चुकांच्या वर्गांची बेरीज करा. बाजूला ठेवलेल्या निरोगी रनवर हीच बेरीज काढून तिचा ९९वा शतमक, म्हणजे ज्याच्या खाली ९९ टक्के ओळी येतात तो आकडा, ही मर्यादा धरा. हे रन प्रशिक्षणातले नकोत. तिथली चूक नेहमीच थोडी कमी असते आणि मर्यादा खोटी खाली येते.

दर तीन मिनिटांनी एक ओळ म्हणजे दिवसाला ४८०. एक टक्का म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना रोज सुमारे पाच वेळा बोंब. कागदावर हे छान दिसतं, पॅनलवर दुसऱ्या आठवड्यापासून कोणी बघत नाही. ईईएमयूए १९१ ही अलार्म व्यवस्थापनाची मार्गदर्शिका सांगते की नेहमीच्या चालीत एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांत एकापेक्षा जास्त अलार्म येऊ नये. त्या वाट्यात आधीपासून किती अलार्म बसलेले आहेत ते बघूनच आपला हक्क सांगावा.

उपाय साधा आहे: लागोपाठ तीन ओळी मर्यादेबाहेर गेल्या तरच इशारा. त्यासाठी सहा मिनिटं जास्त जातात. एक टक्क्याचा घन म्हणजे दहा लाखांत एक, असा हिशेब मात्र करू नका. लगतच्या ओळी एकमेकींवर अवलंबून असतात, एक बाहेर गेली की दुसरीही जायची शक्यता वाढते. खोटे इशारे निरोगी रनवर प्रत्यक्ष मोजा.

निकाल लिहिताना प्रत्येक बिघाडासाठी तीन गोष्टी वेगळ्या द्या: खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण, सुटलेल्या ओळींचं प्रमाण, आणि बिघाड सुरू झाल्यापासून इशाऱ्यापर्यंत गेलेला वेळ. सगळ्याची मिळून एकच अचूकता देऊ नका. ती वाचून शिफ्ट इन्चार्जला काहीही कळत नाही, आणि त्याला हवा असलेला आकडा या तिघांतला शेवटचा, वेळेचा असतो.

तिसऱ्या, नवव्या आणि पंधराव्या गडबडीवर निकाल खराब येईल. घाबरू नका. तिसऱ्या आणि नवव्या गडबडीत डी फीडचं तापमान बदलतं आणि पंधराव्यात कंडेन्सरचा व्हॉल्व्ह चिकटतो. तिन्हींचा प्लांटवरचा परिणाम इतका पुसट आहे की नेहमीच्या पद्धतींना ते निरोगी डेटापासून वेगळे काढता येत नाहीत. त्यांच्यासाठी मर्यादा खाली ओढू नका. आणि कोणी या तिन्हींवर ९९ टक्के दाखवलेच, तर कौतुकाआधी त्यांनी डेटा कसा विभागला ते विचारा.

कोणता बिघाड, हे सांगणं

नुसता "काहीतरी बिघडलंय" हा इशारा ऑपरेटरला चिडवतो. सोपा मार्ग असा की एकूण चुकीत कोणत्या चलाचा वाटा किती, हे उतरत्या क्रमाने दाखवायचं. चौथ्या गडबडीत रिॲक्टरच्या कूलिंग वॉटरचा व्हॉल्व्ह सगळ्यात वर यायला हवा. पण एका चलाची चूक नेटवर्कमधून पसरून निरोगी चलांवरही शिंतोडे उडवते, म्हणून एकच नाव देऊ नका. वरचे तीन-चार टॅग द्या आणि त्यांचे ट्रेंड शेजारी लावा. पुढचं ऑपरेटर बघून घेतात.

बिघाडाचं नाव सांगणारं वर्गीकरणाचं नेटवर्कही बांधता येतं. खिडक्यांवर एकमितीय कन्व्होल्यूशन किंवा एलएसटीएम (क्रमाने येणाऱ्या डेटासाठी नेटवर्कच्या दोन रचना) दोन्ही चालतात. मी कन्व्होल्यूशनने सुरुवात करतो, कारण ते लवकर शिकतं. धोका असा की वीस बिघाड शिकलेल्या नेटवर्कला एकविसावा दाखवला तर ते "ओळखीचा नाही" म्हणत नाही, वीसमधलंच एक नाव छातीठोकपणे सांगतं. हे बघायचं असेल तर एक बिघाड प्रशिक्षणातून पूर्ण वगळा आणि चाचणीत द्या. म्हणून आधी ऑटोएन्कोडर, त्याने हटकलं तरच वर्गीकरण, आणि ऑपरेटरला दाखवताना "याच्यासारखं दिसतंय" इतकीच भाषा.

खऱ्या प्लांटवर

तारापूर, रोहा, महाड, लोटे असं कुठेही काम करत असाल तरी पहिली अडचण हिस्टोरियनचीच, म्हणजे प्लांटचा जुना डेटा साठवणाऱ्या यंत्रणेचीच येईल. जागा वाचवायला तो बारीकसारीक बदल टाकून देतो आणि मागताना मधले बिंदू रेषेने जोडून देतो. अशा डेटावर शिकलेलं मॉडेल गुळगुळीत प्लांट शिकतं आणि खरा, थरथरणारा सिग्नल आला की ओरडतं. निवडलेल्या टॅगचं कॉम्प्रेशन काही महिने बंद किंवा अगदी सैल करून घ्या. त्यासाठी आयटीवाल्यांशी थोडं गोड बोलावं लागेल.

दुसरी अडचण "निरोगी" कशाला म्हणायचं ही. सुरू करणं, बंद करणं, ग्रेड बदलणं, ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन, कंट्रोलर मॅन्युअलवर असणं हे सगळे तास शिफ्टच्या लॉगबुकवरून गाळावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते प्रोसेस समजणाऱ्या माणसानेच करायला हवं.

तिसरी ऋतूंची. कूलिंग टॉवरचं पाणी हवेच्या वेट बल्ब तापमानाखाली (ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते तापमान) जाऊ शकत नाही. कोकणपट्टीत मे महिन्याची दमट हवा आली की ते पाणी गरम येतं आणि व्हॉल्व्ह जास्त उघडतात, म्हणजे निसर्गच चौथी गडबड घालतो. जानेवारीच्या डेटावर शिकलेलं मॉडेल मेमध्ये रोज ओरडेल. वर्षभराचा डेटा द्या आणि कूलिंग वॉटरच्या येणाऱ्या तापमानाला ट्रान्समीटर बसवून तो आकडा इनपुटमध्ये घाला. इथे हजार थरांच्या नेटवर्कपेक्षा एक आरटीडी (तापमान मोजणारा सेन्सर) जास्त कामाचा.

दर महिन्याला आपोआप पुन्हा शिकवण्याचा मोह टाळा. हीट एक्स्चेंजरमध्ये मळाचा थर हळूहळू साठत असेल तर मॉडेल दर महिन्याला थोडा जास्त उघडा व्हॉल्व्ह "नेहमीचा" म्हणून स्वीकारत जाईल. मोठ्या शटडाउननंतर किंवा प्लांटमध्ये बदल झाल्यावर, माणसाने डेटा तपासूनच पुन्हा शिकवा.

मॉडेलला डीसीएसमधून फक्त वाचण्याची परवानगी द्या, ओपीसी या औद्योगिक डेटा देवाणघेवाणीच्या पद्धतीमार्फत, वेगळ्या सर्व्हरवर. ट्रिप आणि इंटरलॉक आयईसी ६१५११ या सुरक्षा मानकाखाली वेगळे बांधलेले असतात. त्या साखळीत न्यूरल नेटवर्कला जागा नाही. एखाद्या टॅगवर बॅड क्वालिटी (आकडा भरवशाचा नाही अशी खूण) आली की शून्य भरून पुढे जाऊ नका, त्या काळात इशाऱ्याची पाटी राखाडी करा.

पहिले तीन महिने इशारे पॅनलवर अजिबात दाखवू नका. रोज सकाळी आदल्या दिवसाचे इशारे आणि लॉगबुक घेऊन शिफ्टमधल्या जुन्या ऑपरेटरसोबत पंधरा मिनिटं बसा. प्रत्येक इशाऱ्यापुढे खरा, खोटा किंवा "कळत नाही" असं लिहा. "कळत नाही" लिहिलेल्या इशाऱ्यांचे टॅग वेगळ्या यादीत उतरवा आणि ती यादी पुढच्या शटडाउनला मेंटेनन्सच्या हातात द्या. व्हॉल्व्ह उघडले जातील तेव्हा तिथे उभे राहा.